चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

मारुतीची ब्रेझा ३९९५ मिलिमीटर लांब आहे. ह्युंदाईची व्हेन्यू ३९९५. कियाची सॉनेट ३९९५. स्कोडाची कायलॅक ३९९५. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० बनत होती तोवर तीही ३९९५. टाटांची नेक्सॉन २०१७ साली बाजारात आली तेव्हा ३९९४ होती आणि निसानची मॅग्नाइटही तेवढीच. मागे डिकी असलेल्या गाड्या पाहिल्या तर डिझायर ३९९५, होंडाची अमेझ ३९९५, ह्युंदाईची ऑरा ३९९५. या कंपन्या मूळच्या जपान, कोरिया, चेक प्रजासत्ताक आणि भारत अशा वेगवेगळ्या देशांतल्या. त्यांच्या गाड्यांचे आराखडे निरनिराळ्या शहरांत, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी काढले. तरी सगळ्यांची लांबी चार मीटरच्या अलीकडे, बोटाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर येऊन थांबते.

रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला टेप लावून मोजायची गरज पडत नाही. उंच, सपाट नाक. मागे चढत जाणारी खिडक्यांची रेघ. चाकांभोवती काळ्या प्लास्टिकची कड. उभी कापल्यासारखी पाठ. बॉनेटच्या कडेला बारीक दिव्याची पट्टी आणि खरा हेडलाइट खाली बंपरमध्ये. कंपनीचं चिन्ह झाकलं तर गाड्यांचा नाद असलेल्या माणसालाही नाव सांगताना क्षणभर थांबावं लागतं. यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर असं, की कंपन्यांकडे कल्पना उरल्या नाहीत, जो तो दुसऱ्याची नक्कल करतो. नक्कल होते, आणि तिच्याकडे आपण येणारच आहोत. पण माझ्या मते ती या सारखेपणाचं सगळ्यात लहान कारण आहे. मोठी कारणं तीन ठिकाणी सापडतात: कराच्या तक्त्यात, सुट्या भागांच्या कारखान्यात आणि गिऱ्हाइकाच्या मनात.

कराच्या तक्त्यापासून सुरुवात करू. २८ फेब्रुवारी २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी जो अर्थसंकल्प मांडला, त्यात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी म्हणजे कोणती, हेही ठरवून दिलं. लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. छोट्या गाड्या बनवण्यात भारताने जगात पुढे यावं, हा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. कारखान्यातून ४ लाखांना बाहेर पडणाऱ्या गाडीवर हा फरक ३२ हजार रुपयांचा होता. जिथे शेजारच्या शोरूममधली गाडी दहा हजारांनी स्वस्त मिळाली तरी गिऱ्हाईक उठून जातं, तिथे ३२ हजार म्हणजे धंद्याच्या जीवन-मरणाचा प्रश्न. पुढे जीएसटी आला तेव्हा दरी आणखी रुंद झाली. २०१७ च्या अखेरीस छोट्या पेट्रोल गाडीवर उपकरासकट २९ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४५ ते ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दर १८ आणि ४० झाले. दर बदलले, सरकारं बदलली, कराची व्यवस्थाच बदलली. चार मीटरची रेघ मात्र जागची हलली नाही.

तिचा परिणाम गाड्यांच्या शरीरावर कसा उमटला हे पाहण्यासारखं आहे. २००८ साली टाटांनी इंडिगो सीएस आणली. मूळ इंडिगोची डिकी आखूड करून ती गाडी चार मीटरच्या आत बसवली होती. डिकी असलेली आणि तरीही कराच्या हिशेबाने ‘छोटी’ ठरणारी ती पहिली गाडी. याच वर्षी आलेली मारुतीची पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती आणि तिच्या डिकीत ४४० लिटर सामान मावत असे. २०१२ मध्ये नवी डिझायर आली ती ३९९५ मिलिमीटरची. डिकी ३१६ लिटरवर आली. म्हणजे सव्वाशे लिटर जागा, दोन मोठ्या बॅगा, अभियंत्यांच्या इच्छेने गेल्या नाहीत. तक्त्यातल्या एका ओळीने नेल्या. गाडी कमी उपयोगाची झाली आणि स्वस्त पडली. गिऱ्हाइकाने स्वस्त गाडी घेतली आणि इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

ह्युंदाईची व्हेन्यू अमेरिकेतही विकली जाते. तिथे ती सुमारे ४०४० मिलिमीटर लांब आहे. गाडी तीच, नाव तेच. पण अमेरिकेत चार मीटरची रेघ नाही, त्यामुळे बंपरला हवी तेवढी जागा मिळाली. एका गाडीच्या दोन देशांतल्या या दोन मापांत सगळी गोष्ट आली.

लांबीवर कुंपण पडलं की गाडी वर वाढते. आत चार-पाच माणसं नीट बसायला हवीत, त्यांचे गुडघे पुढच्या सीटला लागायला नकोत, तर आसनं उंच करून माणसांना थोडं ताठ बसवावं लागतं. मग छप्पर उंच होतं. नाक आखूड होतं. पाठ तिरकी ठेवली तर डिकीची जागा जाते, म्हणून ती उभी होते. कापड तेवढंच मोजून दिलं की शिंपी कोणताही असो, सदऱ्याचा घेर ठरलेलाच. त्यात आणखी एक बंधन आहे. पादचाऱ्याला धडक बसली तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटतं. पत्रा खाली दबू शकेल एवढी पोकळी इंजिनाच्या वर असेल तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. युरोप आणि जपानने या संरक्षणाचे नियम आधी केले, भारताने २०१७ ते २०२० च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने वाहन-सुरक्षेचे नियम कडक केले त्यात हाही आला. बॉनेट उंच झाल्या. १९८० च्या दशकातल्या होंडांचं खाली झुकलेलं धारदार नाक आज कुठेच दिसत नाही. दिसायला ते सुंदर होतं हे मान्य, पण ते गेलं याचं मला दुःख नाही.

जपानने हा प्रयोग आपल्या फार आधी केला. युद्धानंतर, १९४९ साली तिथे ‘केई’ म्हणजे हलक्या गाड्यांचा वेगळा वर्ग तयार झाला. आज त्याची मर्यादा ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी, २ मीटर उंची आणि ६६० सीसी इंजिन अशी आहे. तिथली होंडाची एन-बॉक्स ३३९५ मिलिमीटर लांब आणि १४७५ मिलिमीटर रुंद. दायहात्सूची टँटो तेवढीच. सुझुकीची वॅगनआर तेवढीच. आपल्याकडच्या वॅगनआरचं चौकोनी, उंच रूप याच कुळातलं. जपानच्या करनियमाने घडवलेलं शरीर आपल्या गल्ल्यांत आलं. केई गाडीत एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा शहाणपणाची आहे. तिथे लांबीबरोबर रुंदी, उंची आणि इंजिन सगळ्यांवर मर्यादा असल्याने गाडी खरोखर लहान आणि हलकी राहते. आपण लांबी आणि इंजिन एवढंच मोजतो. म्हणून आपली ‘छोटी’ गाडी आखूड असते, पण रुंदी, उंची आणि वजन वाढत जातं. इंधन वजनाने जळतं, लांबीने नव्हे. छोटी गाडी ठरवायची तर वजन आणि इंधनाचा खप मोजायला हवा होता. ही चूक अजूनही दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

इंजिनांचंही तसंच झालं. २००५ साली भारतात आलेल्या स्विफ्टमध्ये १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. २०१० मध्ये त्याची जागा ११९७ सीसीच्या इंजिनाने घेतली. ह्युंदाईचं कप्पा इंजिन ११९७ सीसी. टाटांचं रेव्होट्रॉन ११९९. होंडाचं याच वर्गातलं इंजिनही १२०० च्या एखाद-दोन सीसी आत. जगात कुठेही १२०० सीसी हा आकडा भौतिकशास्त्राने पवित्र ठरवलेला नाही. तो दिल्लीत ठरला.

आता दुसरं कारण, आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यात जायला हवं. फियाट आणि जनरल मोटर्स यांची भागीदारी असताना २००३ साली एक लहान डिझेल इंजिन बाजारात आलं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, नाव मल्टिजेट. डिझेल अतिशय उच्च दाबाखाली एका सामाईक नळीत भरून ठेवायचं आणि विजेवर चालणाऱ्या इंजेक्टरांनी मोजून सिलिंडरमध्ये सोडायचं, ही कॉमन रेल पद्धत त्यात होती. या पद्धतीचं बरंचसं मूळ संशोधन फियाटच्याच लोकांनी केलेलं. पुढे ते बॉशकडे गेलं आणि १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये ते प्रथम रस्त्यावर आलं. मल्टिजेट लहान होतं, कमी डिझेल पीत होतं आणि आपल्या १५०० सीसीच्या मर्यादेत आरामात बसत होतं. भारतातल्या कंपन्यांना याहून जास्त काही नको होतं.

मारुतीने परवाना घेऊन ते हरियाणात बनवायला सुरुवात केली आणि २००७ च्या सुरुवातीला डिझेल स्विफ्ट आली. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं. टाटा आणि फियाट यांनी रांजणगावला भागीदारीत कारखाना चालवला. तिथून ते इंडिका व्हिस्टा आणि मान्झामध्ये गेलं, तिथे त्याचं नाव क्वाड्राजेट. फियाटच्या स्वतःच्या पुंटो आणि लिनियामध्ये ते मूळ नावाने होतं. जनरल मोटर्सच्या शेवरोले सेलमध्ये तेच. चिंचवडच्या प्रीमियरने आपल्या रिओ गाडीत तेच बसवलं. डिझायर, रिट्झ, एसएक्स ४, अर्टिगा, पुढे सियाझ आणि ब्रेझा या मारुतीच्या गाड्यांची रांग तर वेगळीच. डिझेल गाड्यांची मागणी इतकी वाढली की मारुतीचा स्वतःचा कारखाना पुरेना, तेव्हा २०१२ च्या सुरुवातीला तिने वर्षाला १ लाख इंजिनं फियाटकडून, म्हणजे रांजणगावहून घेण्याचा करार केला. एकमेकींच्या विरोधात रोज जाहिराती करणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच हृदय धडधडत होतं. मोटारींविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांनी त्याला भारताचं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं.

असं का होतं? नवं डिझेल इंजिन शून्यातून उभं करायला शेकडो कोटी रुपये आणि कित्येक वर्षं लागतात. तो खर्च लाखो इंजिनांवर पसरला तरच एका इंजिनाची किंमत परवडते. एकटी कंपनी तेवढ्या गाड्या विकू शकत नसेल, तर दुसऱ्याचं तयार इंजिन घेणं हाच शहाणपणाचा निर्णय. गाडीच्या आत पाहत गेलं की हेच सगळीकडे दिसतं. डिझेलचे इंजेक्टर बॉशचे, जे नाशिकच्या सातपूरच्या कारखान्यातही बनतात. ब्रेक दाबल्यावर चाकं अडकून गाडी घसरू नये म्हणून असलेली एबीएस यंत्रणा जगातल्या मोजक्या पुरवठादारांची. क्लचचं पेडल नसलेला स्वस्त स्वयंचलित गिअरबॉक्स २०१४ साली प्रथम मारुतीच्या सेलेरिओमध्ये आला आणि त्याच वर्षी टाटांच्या झेस्टमध्येही; दोन्ही मॅग्नेटी मरेली या एकाच कंपनीचे. चाकणला तर फोक्सवॅगनची व्हर्टस आणि स्कोडाची स्लाव्हिया एकाच सांगाड्यावर, एकाच कारखान्यात तयार होतात. ज्यांना आपण प्रतिस्पर्धी म्हणतो ते बऱ्याचदा एकाच बाजारातून भाजी आणणारे शेजारी असतात.

यात ग्राहकाचं नुकसानच झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मल्टिजेटच्या काळात तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकला एक इंजिन कळलं की पाच कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त करता येत. सुटे भाग सगळीकडे मिळत. गाडी अडली तर शहरापर्यंत ओढत न्यावी लागत नसे. सारखेपणाचा हा फायदा जाहिरातीत कधी येत नाही, पण आडगावच्या रस्त्यावर रात्री बंद पडलेल्या गाडीत बसलेल्या माणसाला तो बरोबर कळतो. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिन त्या नियमात बसवणं फार महाग पडत होतं. मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. राष्ट्रीय इंजिन त्या तारखेपासून नव्या गाड्यांतून गेलं.

टीव्ही आणि वातानुकूलन यंत्रांत ही गोष्ट आणखी पुढे गेली आहे. टीव्हीचा काचेचा पडदा बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याएवढ्या. आतली चिप बहुधा मीडियाटेकसारख्या एखाद-दोघांची. चालवणारी प्रणाली बऱ्याचदा गूगलची. भारतात डिक्सन ही कंपनी अनेक ब्रँडांसाठी टीव्ही बनवते आणि अंबर ही कंपनी अनेक ब्रँडांसाठी एसी. शिवाय ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ताऱ्यांनी एसीचं पोट ठरवून टाकलं. २०१८ पासून वर्षभरातल्या वेगवेगळ्या तापमानांना यंत्र किती वीज खातं हे धरून तारे मिळू लागले, आणि त्या मोजणीत कमी-जास्त वेगाने फिरणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर सरस ठरतो. बघता बघता जुने, एकाच वेगाचे एसी दुकानांतून जवळजवळ दिसेनासे झाले. विजेचं बिल कमी झालं. हा सारखेपणा चांगल्या नियमाने आणलेला आहे.

नकलेचंही खरं सांगायला हवं. नवी गाडी बाजारात आली की प्रतिस्पर्धी तिचे एक-दोन नग विकत घेतात, पूर्ण सुटी करतात, एकेक भाग तोलतात, मोजतात, त्याची किंमत काढतात. हे गुपित नाही आणि गुन्हाही नाही; गाड्या सोडवून त्यांची माहिती विकणाऱ्या स्वतंत्र कंपन्याही जगात आहेत. ही रीत जुनी आहे. १९३३ मध्ये किइचिरो तोयोदा यांनी एक शेवरोले विकत घेऊन सुटी केली आणि टोयोटाचं पहिलं इंजिन तिच्या इंजिनावरून घडवलं. १९३६ साली आलेल्या टोयोटा एए या पहिल्या मोटारीचं शरीर अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या एअरफ्लो गाड्यांवरून घेतलेलं होतं. गंमत अशी, की वाऱ्याचा विरोध कमी करणारी ती गोलसर एअरफ्लो अमेरिकेत गिऱ्हाइकांना आवडली नाही आणि १९३७ मध्ये बंद पडली. तिचा आकार मात्र चुकीचा नव्हता. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे सगळ्यांना सारखंच लागू आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर सगळे पुन्हा त्याच आकाराकडे आले, आणि आज लांब पल्ल्याच्या विजेच्या गाड्या, मर्सिडीजची ईक्यूएस असो की ह्युंदाईची आयोनिक ६, समोरून पाठीपर्यंत एकाच गुळगुळीत कमानीत वाकलेल्या दिसतात. त्यांनी एकमेकींची नक्कल केली असेल किंवा नसेल. दोघींनी हवेचं ऐकलं एवढं नक्की.

तिसरं कारण गिऱ्हाईक, म्हणजे आपण. आणि इथे एक विचित्र गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. मुंबईच्या कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी बनत होती आणि बंगालात उत्तरपाड्याला अँबॅसडर, तेव्हा दोन्ही गाड्या अर्धा किलोमीटरवरून ओळखू येत. एक इटलीच्या फियाटची, दुसरी इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची. दिसण्यात एवढं वैविध्य आणि निवड मात्र नाही, कारण परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. कंपनीला गिऱ्हाईक शोधायला जावं लागत नव्हतं, म्हणून शेजारच्यासारखं व्हायचीही गरज नव्हती. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा अनेकांना गहिवरून आलं, मलाही. पण तो वेगळेपणा स्पर्धेने दिलेला नव्हता. तो स्पर्धेच्या अभावाने टिकवलेला होता. स्पर्धा आली आणि गाड्या एकमेकींसारख्या होऊ लागल्या.

याचा उलगडा करण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली केला. एक सरळ लांब रस्ता कल्पून पाहा. त्यावर सारख्या अंतरावर घरं, आणि दोन दुकानदार. प्रत्येक जण जवळच्या दुकानात जाणार. पहिला दुकानदार मधोमध सरकला तर त्याला त्याच्या बाजूची सगळी घरं मिळतात आणि दुसऱ्याच्या बाजूचीही काही. मग दुसराही सरकतो. शेवटी दोघं रस्त्याच्या मध्यावर, भिंतीला भिंत लावून उभे. रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्यांची पायपीट वाढली, पण त्यांना दुसरीकडे जाण्याची सोय नाही, म्हणून त्यांची काळजी कोणी करत नाही. हॉटेलिंगचं म्हणणं असं होतं की हे केवळ दुकानाच्या जागेचं नाही. वस्तूची चव, आकार, रंग, सगळ्याला लागू आहे. गाड्यांच्या बाबतीत ते रोज दिसतं. कोणालाच नावडू नये अशी गाडी प्रत्येक कंपनीला हवी असते. आपणही गाडी घेताना पुढे विकताना किती येतील याचा विचार करून पांढरा रंग घेतो. न भेटलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला काय आवडेल यावरून आपण आपली आवड ठरवतो, आणि कंपनी तेच मोजते.

हॉटेलिंगच्या गणितात पुढे खोट सापडली. १९७९ साली बेल्जियममधल्या दास्प्रमाँ, गाब्सझेविच आणि तिस या तीन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं, की भिंतीला भिंत लावून बसलेले दोन दुकानदार किमती पाडत पाडत एकमेकांचा नफा संपवतील. म्हणून दोघांनाही दूर राहण्यातच फायदा. मग खरं काय, जवळ की दूर? १९९८ मध्ये इरमेन आणि तिस यांनी याचं जे उत्तर दिलं ते मला या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात उपयोगी वाटतं. वस्तूला एकच गुण नसतो, अनेक असतात. गिऱ्हाईक ज्या एका गुणाला सगळ्यात जास्त महत्त्व देतं, त्या गुणात कंपन्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर जातात, आणि बाकी सगळ्या गुणांत एकमेकींना चिकटून राहतात. सगळीकडे सारख्या, एकाच जागी वेगळ्या.

ही एक जागा कोणती, यावर आपलं बरंच काही अवलंबून आहे. गेल्या काही वर्षांत ती जागा बहुधा पडद्याची, छताला उघडणाऱ्या काचेची आणि नाकावरच्या दिव्यांच्या पट्टीची होती. शोरूममध्ये पहिल्यांदा तेच दाखवतात, कारण आपण पहिल्यांदा तेच विचारतो.

सारखेपणाची खरी किंमत मात्र तिथे दिसत नाही. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. एअरबॅग क्षणात फुगवण्यासाठी टाकाटाने अमोनियम नायट्रेट वापरलं. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडत गेलं. धडकेच्या वेळी फुगवणारी धातूची डबी फुटून तिच्या कपच्या चालकाच्या गळ्यात आणि छातीत घुसत. होंडा, टोयोटा, निसान, फोर्ड, बीएमडब्ल्यू, एकमेकांशी झुंजणाऱ्या या कंपन्यांनी तीच एअरबॅग वापरली होती. जगभरात सुमारे १० कोटी फुगवणारी यंत्रं परत मागवावी लागली, भारतातल्या गाड्यांचाही त्यात समावेश होता, आणि जून २०१७ मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. जीव वाचवणाऱ्या वस्तूने जीव घेतले, आणि दुसरी कंपनी निवडून त्यातून सुटण्याची खात्री ग्राहकाला नव्हती. दिसणारे आकार सारखे झाले तर डोळ्यांना कंटाळा येतो एवढंच. न दिसणारा भाग सगळ्यांचा एकच असेल तर त्यातली चूकही सगळ्यांची एकच होते.

याच चार मीटरच्या आत, याच करांत, याच पुरवठादारांकडून माल घेऊन वेगळेपण आणता येतं का? येतं. डिसेंबर २०१८ मध्ये ३९९४ मिलिमीटरच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. असे तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली गाडी. त्याच वर्षी तपासलेल्या स्विफ्टला दोन. टाटांनी ही आपली वेगळी जागा केली आणि जाहिरातींतून लोकांपर्यंत नेली. लोक शोरूममध्ये ताऱ्यांबद्दल विचारू लागले. मग बाकीचेही हलले. २०२४ च्या नव्या डिझायरला पाच तारे मिळाले. आधीच्या डिझायरला दोन होते. लांबी दोन्हींची ३९९५. बाहेरून टेप लावून या दोन गाड्यांतला फरक कोणालाही कळणार नाही, आणि आत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने याहून मोठा फरक नाही.

भारताची स्वतःची धडक-चाचणी, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिचे निकाल कोणालाही मोफत पाहता येतात. गाडी घ्यायला जाल तेव्हा छताची काच आणि पडद्याचे इंच नंतर विचारा. आधी त्या मॉडेलची चाचणी झाली का, तारे किती आणि लहान मुलांच्या सुरक्षेसाठी किती, हे विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय बुकिंगचे पैसे देऊ नका. ही चाचणी आजही कंपन्यांच्या मर्जीवर आहे. चार मीटरची रेघ कराच्या जोरावर पाळायला लावता येते, तर जीव किती वाचतो हे ताऱ्यांत मोजणंही सक्तीचं व्हायला हवं, आणि ती मागणी ग्राहकांनीच लावून धरली पाहिजे.